आईच्या दातांचा रिफंड

लग्नकार्यात शेजारी बसलेले गृहस्थ छान गप्पा मारत असतात. मग विचारतात, "आपण काय करता?" मी म्हणतो, "इन्कमटॅक्सची कामं." लगेच त्यांना पलीकडच्या रांगेत कुणीतरी ओळखीचं दिसतं. पंचवीस वर्षं हा अनुभव घेतल्यावर आता मी जिलबी वाढून होईपर्यंत धंदा सांगतच नाही.

खरं तर माझ्यात घाबरण्यासारखं काही नाही. मी सरकारी माणूस नव्हे. घाटकोपरला एका करसल्लागार वकिलांच्या कचेरीत कारकून आहे, आणि सुट्टीच्या दिवशी मुलुंडला घरी आमच्या वस्तीतल्या लोकांची विवरणपत्रं भरून देतो. लोकांनी पिशवीतून आणलेल्या पावत्या, वह्या, चिठोऱ्या यांतून त्यांचं वर्षाचं उत्पन्न शोधायचं, ते छापील फॉर्मात बसवायचं आणि कर किती बसतो ते सांगायचं, असं हे काम. कर सरकारला जातो, शिव्या मला मिळतात.

या धंद्यात माझी एक ख्याती आहे. तावडे रकाना रिकामा सोडत नाही. इतर कारकून जिथे आडवी रेघ मारून मोकळे होतात तिथे मी 'लागू नाही' असं लिहितो, आणि जागा उरली तर का लागू नाही तेही लिहितो. आमचे साहेब, म्हणजे शहासाहेब, मला म्हणायचे, "तावडे, तू फॉर्म भरतोस की गावाला पत्र लिहितोस?" मी ते कौतुक समजत असे.

गिऱ्हाइकं म्हणाल तर तऱ्हेतऱ्हेची. देवनारचे एक कातड्याचे व्यापारी होते. माणूस अत्तर लावून यायचा, पण त्याच्या वह्यांना गोदामाचा असा वास असे की मी त्या गॅलरीत दोरीवर चिमटे लावून दोन दिवस वाळवत असे आणि मगच बेरजा घ्यायला बसत असे. वर्सोव्याच्या हिराबाई मासळीचा मोठा व्यापार करायच्या. लिहिता येत नव्हतं, सगळं तोंडपाठ. मी तीन शनिवार खपून त्यांचा खर्च-उत्पन्नाचा तक्ता केला आणि मोठ्या ऐटीत वाचून दाखवला. त्यांनी पान चघळत ऐकला आणि विचारलं, "आन् बरफ? बरफ काय तुजा बापूस फुकट देतो मना?" वर्षभराचा बर्फ मी विसरलो होतो. मासळीच्या धंद्यात बर्फ विसरणारा माणूस मी एकटाच असेन. हिराबाईंनी त्यानंतर दरवर्षी दारातूनच ओरडून बर्फाची आठवण केली, तीही कचेरी भरलेली असताना.

पण माझं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक माझ्या घरातच होतं. ते म्हणजे माझी आई.

ही गोष्ट दहाएक वर्षांपूर्वीची. आईने पासष्टी ओलांडली होती आणि तिचे दात दोन-दोन करून गेले होते. जन्म मालवणकडचा, सुकट आणि सुक्या बांगड्यावर वाढलेली बाई. ती पेज पिऊन आणि भाकरी आमटीत कुस्करून दिवस काढत होती. मुलुंडच्या दातांच्या डॉक्टरांनी वरची-खालची कवळी करायला साडेतीनशे रुपये सांगितले. मी म्हटलं, देतो.

"तू कित्याक देतलंस?" आई म्हणाली. "माझे दात माझ्या पैशान."

"अगं, पण मी परका आहे का?"

उत्तर दिलं ते माझ्या बायकोने, सुमनने. "अहो, तुम्ही पैसे द्याल आणि महिन्याभराने विचाराल, कवळी रोज लावता ना, नाहीतर पैसे वाया. त्या कशाला घेतील तुमच्याकडून?"

मी विचारलं असतं, हे खरं आहे.

इथे आमच्या घरची एक गोष्ट सांगायला हवी. त्या वेळी आईला माझ्याकडे येऊन आठ वर्षं झाली होती आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, बोरिवलीला एकटे राहत होते. नातेवाइकांत आम्ही सांगायचो की अण्णांना बोरिवलीची हवा मानवते आणि आईला नातवंडांची ओढ आहे. ऐकणारे मान डोलवायचे. त्यांनाही माहीत असायचं, आम्हालाही माहीत असायचं. पण दोघं वेगळे झाले आहेत हे वाक्य आठ वर्षांत आमच्याकडे कुणी तोंडातून काढलं नव्हतं.

अण्णा गिरणीच्या स्टोअरमध्ये हेडक्लार्क होते. दारू नाही, तंबाखू नाही, घरात आवाज चढवणं नाही. फक्त रोज संध्याकाळी घरखर्चाचा हिशोब. आई सांगायची, ते लिहायचे. कोथिंबीर एक आणा, केरोसीन सहा आणे. दोन आण्यांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत ते पानावर बसत नसत. खर्चाला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. त्यांना खर्च कमी नको होता, जुळायला हवा होता. मला यात काही वावगं वाटत नसे, कारण लग्न झाल्यावर मीही घरात तेच सुरू केलं. अण्णा रिटायर झाले आणि दिवसभर घरी राहू लागले, तेव्हा हिशोब दिवसातून दोनदा सुरू झाला. दुसऱ्या महिन्यात आई ट्रंक घेऊन माझ्या दारात उभी राहिली. मी काही विचारलं नाही. विचारलं तर काय उत्तर येईल ते मला ठाऊक होतं, आणि ते मलाही लागू पडलं असतं.

आई माझ्याकडे राहायला आली ती फुकट नाही. पहिल्या महिन्यापासून ती सुमनच्या हातात आपल्या खाण्याचे पन्नास रुपये ठेवू लागली. ते कुठून येतात, हे मी विचारलं नाही. माझी समजूत, अण्णा पाठवत असतील.

दातांचं बोलणं झालं त्या आठवड्यात आईने पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला आणि माझ्यासमोर उघडला. "ह्या कागदांका काय किंमत आसा काय बघ. नसली तर चुलीत घालतंय."

डब्यात डिव्हिडंडच्या पावत्या होत्या. तीन कंपन्यांचे शेअर्स, आठ वर्षांच्या पावत्या, सगळे आईच्या नावावर. आणि प्रत्येक पावतीवर लिहिलेलं, इतका कर कापून घेतला.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कंपनी शेअरवाल्याला नफ्यातला वाटा देते, पण देतानाच त्यातून सरकारचा कर कापून ठेवते. ज्याचं वर्षाचं उत्पन्न मुळात कर बसण्याइतकं नसतं, त्याचाही कापते. कंपनीला काय माहीत समोर गिरणीमालक आहे की दात पडलेली म्हातारी. अशा माणसाने मग फॉर्म भरून, पावत्या जोडून, सरकारकडे मागायचं असतं की माझा कापलेला कर परत द्या. त्याला रिफंड म्हणतात. मागायला मुदत असते. मुदत गेली की पैसेही गेले.

आईचं वर्षाचं उत्पन्न नऊशे रुपयांच्या आसपास. त्यावर तिला एक पैसाही कर नव्हता. आणि करसल्लागाराच्या कारकुनाच्या घरात, त्या कारकुनाच्याच पलंगाखाली, आठ वर्षं तिचा कर कापला जात होता. मी त्या काळात देवनारच्या व्यापाऱ्याला पै-पैचे रिफंड मिळवून देत होतो. मुदतीच्या बाहेर गेलेली पाच वर्षं बुडाली. उरलेल्या तीन वर्षांचे सहाशे अठरा रुपये चाळीस पैसे निघत होते.

"आई, हे शेअर्स आले कुठून?"

"तुझ्या बापाशीन दिल्यान."

"कधी?"

"मी हय इलंय तेव्हा. फंडातले निम्मे पैशे माझ्या नावार घातल्यान." मग तिने डब्यावर हात ठेवला. "माका इतक्याच सांग. हे पैशे इले तर तेंचो हिशोब कोणाक देवचो लागता काय?"

"नाही. तुझे पैसे. तू काय वाटेल ते कर."

"मगे भर फारम," आई म्हणाली.

मी फॉर्म भरला. सुवाच्य अक्षरात, तीन वर्षांचे तीन. पावत्या तारखेवार लावल्या. सगळं झाल्यावर पुन्हा एकदा वाचलं, आणि मला बोचायला लागलं की हे शेअर्स बाईंकडे कसे आले, हे कुठेच लिहिलेलं नाही. फॉर्मात तसा रकाना नव्हता. कुणी विचारलंही नव्हतं. पण वाचणाऱ्याला प्रश्न पडू शकतो. म्हणून सोबतच्या पत्रात मी आपण होऊन एक ओळ घातली: 'सदर शेअर्स अर्जदार बाईंना त्यांच्या पतींनी स्वतःच्या पैशांतून घेऊन दिलेले आहेत.' खाली अण्णांचं पूर्ण नाव आणि बोरिवलीचा पत्ता. पत्र टाकून आलो तेव्हा मला फार हलकं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पत्राची प्रत शहासाहेबांनी पाहिली. चष्मा काढला, पुन्हा लावला.

"तावडे, हे कुणी विचारलं होतं?"

"कुणी नाही."

"मग?"

"खरं आहे, म्हणून लिहिलं."

"अरे यार, खरं तर खूप काही असतं. तुझ्या बायकोला सगळं सांगतोस? चौसष्ट कलम आठव जरा."

मला आठवलं, आणि मी तिथल्या स्टुलावर बसलो. नवऱ्याने बायकोला मालमत्ता दिली, तर तिचं उत्पन्न कायद्याने नवऱ्याचंच धरतात. बडे लोक कर चुकवायला बायकोच्या नावावर इस्टेट करतात म्हणून केलेला हा कायदा. मी तो शेकडो गिऱ्हाइकांना समजावला होता. आईच्या बाबतीत सुचला नाही, कारण आई आणि अण्णा हे कुणी नवरा-बायको आहेत असं इतक्या वर्षांत माझ्या मनातच येत नव्हतं.

महिन्याभरात इन्कमटॅक्स कचेरीचं पत्र आलं. उत्पन्न पतीचे आहे, सबब रिफंड का नाकारू नये याचा खुलासा करावा. आणि त्याच मजकुराची नोटीस अण्णांना, की आपल्या उत्पन्नात ही रक्कम का मिळवू नये. अण्णांचं पेन्शन आणि एका खोलीचं भाडं मिळून त्यांना थोडा कर बसतच होता. आता तो वाढणार. म्हणजे एका ओळीत मी आईचे दात घालवले होते आणि बापाला नोटीस लावली होती. एवढं काम माझ्या हातून इतक्या कमी शब्दांत पूर्वी कधी झालं नव्हतं.

"एकच वाट आहे," शहासाहेब म्हणाले. "कायद्यात अपवाद आहे. नवरा-बायकोने वेगळं राहायचं ठरवलं आणि त्यासाठी मालमत्ता दिली, तर उत्पन्न बायकोचं. तसा करार आहे?"

"साहेब, आमच्याकडे कुणी असा करार करत नाही."

"तोंडी?"

"माहीत नाही."

"मग झाला होता असं लिहून दे."

"माहीत नसताना कसं लिहू?"

शहासाहेबांनी कपाळाला हात लावला. "मग जाऊन विचार ना रे बाबा, काय झालं होतं ते! आठ वर्षं झाली!"

घरी येऊन मी आईसमोर बसलो आणि, गिऱ्हाइकाला समजावतो तसं, सगळं समजावलं. तुम्ही दोघं ठरवून वेगळे झालात, असं दोघांनी लिहून दिलं की पैसे मिळतील.

"मी खय वेगळी रवतंय?" आई म्हणाली. "मी झिलाकडे रवतंय."

"आई, ते आपण लोकांना सांगतो. पण खरं काय—"

"खरा काय ता माका ठावक आसा. पण कागदार लिवलंस की ता कायमचा होता. मेल्या, दात नकोत माका."

ती उठून आत गेली. सुमनने माझ्यासमोर चहा ठेवला, जरा आपटूनच. "त्या अर्जात ती एक ओळ घातली नसती तर झालं नसतं हे सगळं. अगदी अण्णांवर गेलात."

रविवारी मी बोरिवलीला गेलो. रस्ताभर अण्णांची माफी कशी मागायची याची तयारी केली. अण्णा ओट्यावर पेपर वाचत बसले होते. नोटीस त्यांनी पंचांगात जपून ठेवली होती. मी काही बोलायच्या आत बाहेर काढली.

"ही इली," ते म्हणाले. "सरकार म्हणता, तिचा उत्पन्न ता माझा उत्पन्न."

"हो अण्णा. चूक माझी झाली. मी—"

"चूक कसली? बरोबर आसा." त्यांनी नोटीस पुन्हा घडी घालून पंचांगात ठेवली. "भरतंय मी. तिचो कर मी नाय भरूचो तर कोण भरतलो?"

माणसं नोटीस आली की रात्र-रात्र झोपत नाहीत, हे मी जवळून पाहिलेलं आहे. नोटीस आल्यामुळे खूष झालेला माणूस मी पहिल्यांदा बघत होतो. आठ वर्षांनी कुणीतरी, भले सरकारने का होईना, आईला त्यांच्या खात्यात धरलं होतं.

आणि ती नोटीस रद्द करून घ्यायला मी गेलो होतो. मी दातांचं सांगितलं. म्हटलं, तुम्ही दोघांनी लिहून दिलंत तर तिला रिफंड मिळेल आणि कवळी होईल.

"दात? माका सांगूचा होता. मी दितंय पैशे."

"ती घेणार नाही."

"नाय घेवची," ते म्हणाले. "पण मी असला काय लिवन देवचंय नाय. कोण वेगळा रवता? तिका कंटाळो इलो की येतली."

परत आल्यावर मी आईला सांगितलं, की जाऊ दे आता. अण्णा म्हणतात तुझा कर ते भरणार.

आई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"काय म्हणाले?"

"तुझा कर ते भरणार. तुझं उत्पन्न ते त्यांचं उत्पन्न, असं सरकारच म्हणतं, म्हणाले."

आईने सूप बाजूला ठेवलं. इतकं चिडलेलं मी तिला तिच्या सासूच्या काळातही पाहिलं नव्हतं. "माझे पैशे तेंचे? चौतीस वरसां कोथमिरीचो हिशोब दिलंय मी तेंका! ह्येचो पण देव काय? काढ कागद. काढ, लिव!"

मी कागद काढला. सुमनने दारातूनच मला डोळ्यांनी खुणावलं, आता मध्ये काही बोलू नका. मी तरी धंद्याच्या सवयीने बोललोच. "आई, जे झालं तेवढंच सांग. त्या दिवशी तुमचं दोघांचं काय बोलणं झालं, शब्दाला शब्द."

"बोलणा कसला? मी ट्रंक भरलंय. ते खुर्चीर बसलेले. मगे उठले, कपाटातसून शेअरांचे कागद काढल्यानी आणि म्हणाले, 'हे तुझ्या नावार केलंय. घेवन जा. तुका खर्चाक होतले.' मी म्हटलंय, 'थय टेबलार ठेवा.' तेनी ठेवल्यानी. मी उचललंय आणि भायर पडलंय."

"एवढंच?"

"इतक्याच." मग खाली बघून म्हणाली, "तेनी थांब म्हणूक नाय."

मी लिहिलं. ती शेवटची ओळ लिहावी की नाही याचा आयुष्यात पहिल्यांदाच मला प्रश्न पडला. कायद्याच्या दृष्टीने तिची गरज नव्हती. पण तिने सांगितलं होतं, म्हणून लिहिली. आईने खाली सही केली. या अर्जाआधी तिची सही मी फक्त माझ्या प्रगतिपुस्तकावर पाहिली होती.

पुढच्या रविवारी तो कागद घेऊन पुन्हा बोरिवलीला. अण्णांनी चष्मा लावून वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट ठेवून, आकडे तपासतात तसा. शेवटच्या ओळीवर बोट बराच वेळ राहिलं.

"टेबल बरोबर आसा," ते म्हणाले. "कपाट बरोबर. शब्द पण बरोबर." समोरच्या रस्त्यावरून एक केळीवाला ओरडत गेला.

मी शहासाहेबांनी तयार करून दिलेला मजकूर पुढे केला. त्यात 'परस्परसंमतीने' असा शब्द होता.

"संमती?" अण्णा म्हणाले. "मी खय दिलंय संमती?"

"तुम्ही थांब म्हटलं नाहीत ना, अण्णा?"

"नाय."

"मग कायद्यात त्यालाच संमती म्हणतात." हे मी बोललो आणि लगेच वाटलं, बोलायला नको होतं.

अण्णांनी पेन उघडलं. "लिवन दितंय मी. पण तिचा सांगणा अर्धा आसा. पुढचा पण येवक व्हया. लिव तू: मी तिका जा म्हणूक नाय."

मी लिहिलं. त्यांनी सही केली, खाली तारीख घातली. मग पंचांगातली नोटीस काढून माझ्या हातात दिली. "ही तुका लागतली."

घरी जाताना मी दोन्ही जबाब मांडीवर ठेवून शेजारी-शेजारी वाचले. दोन माणसांचे जबाब कुठेतरी विसंगत निघतातच, ती विसंगती शोधणं हेच माझं काम. या दोन कागदांत मला काही सापडलं नाही. ते म्हणाले नाहीत थांब, आणि ते म्हणाले नाहीत जा. दोन्ही अगदी जुळत होते. इतका चोख जुळलेला हिशोब बघून मला आयुष्यात कधी इतकं वाईट वाटलं नव्हतं.

इन्कमटॅक्स कचेरीतले अधिकारी तरुण होते. त्यांनी दोन्ही कागद दोनदा वाचले. "तावडे, करार म्हणजे दोघांनी काहीतरी ठरवावं लागतं. इथे तर कुणी काहीच ठरवलेलं दिसत नाही."

मी घरून एक वाक्य पाठ करून नेलं होतं. "साहेब, आठ वर्षं झाली, दोघांपैकी एकानेही तो मोडलेला नाही. याच्याहून पक्का करार माझ्या कामात मी पाहिलेला नाही." वाक्य चांगलं होतं, पण म्हणताना मी मध्येच अडकलो, आणि दोनच आसवं, पण भलत्या वेळी आली. अधिकाऱ्यांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं आणि स्वतः फाइलमध्ये डोकं घातलं. पाणी पिऊन झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी अर्जासोबत इतकं लांब पत्र जोडू नका."

रिफंडची ऑर्डर आली. आई सुमनला घेऊन बँकेत गेली, मला नेलं नाही. तीन आठवड्यांनी तिच्या तोंडात वर-खाली पांढरेशुभ्र दात होते, आणि पहिले काही दिवस ती बोलली की ते थोडे मागून बोलत. डॉक्टरांचे साडेतीनशे मला ठाऊक होते. म्हणजे उरले दोनशे अडुसष्ट रुपये चाळीस पैसे. त्यांचं तिने काय केलं, हा प्रश्न दिवसातून दहादा माझ्या जिभेवर येत होता. सुमन माझ्याकडे बघत असायची. मी तो गिळला. त्याच महिन्यात मी सुमनकडून रोजचा हिशोब घेणंही बंद केलं. म्हणजे तोंडी बंद केलं. मनातल्या मनात अजून चालू आहे.

नोटीस रद्द झाल्याचं पत्र अण्णांना द्यायला मी बोरिवलीला गेलो. त्यांनी ते वाचलं आणि पंचांगात ठेवलं नाही, नुसतं टेबलावर ठेवलं.

"तिका इले पैशे?"

"आले."

"किती इले?"

आकडा मला पैशापर्यंत पाठ होता. अण्णांना आकडा न सांगणं म्हणजे काय, हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार नाही. चाळीस वर्षं त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं, परीक्षेतल्या मार्कांपासून पगारापर्यंत.

"अण्णा," मी म्हटलं, "ते आईचं खातं आहे. मला सांगता येणार नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता चिडतील. ते चिडले नाहीत. टेबलावरचं पत्र त्यांनी उगाच सरळ केलं, कडेला कड लावून.

"दात तरी बसले नीट?" त्यांनी विचारलं.

"बसले."

"चावता काय?"

"काल सुका बांगडा खाल्ला. भाजलेला."

"काट्यासकट?"

"काट्यासकट."

"मग झाला," अण्णा म्हणाले आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा ठेवला.